कथेची झडती : ‘बाय द सी’ आणि युरोपचा आश्रय-कायदा

पासष्टीचा एक म्हातारा लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर उतरतो. जवळ एक लहानशी पिशवी, पिशवीत एक लाकडी पेटी, पेटीत ऊद. पासपोर्ट दुसऱ्याच्या नावाचा. तिकीट विकणाऱ्याने त्याला बजावून ठेवले आहे की इंग्रजी येते हे कळू द्यायचे नाही. ‘रेफ्युजी’ आणि ‘असायलम’ एवढे दोनच शब्द उच्चारायचे. केव्हिन एडलमन नावाचा इमिग्रेशन अधिकारी त्याची पिशवी उपसतो, पेटी उघडून वास घेतो आणि ती पेटी स्वतःकडेच ठेवून घेतो. म्हाताऱ्याला सगळे समजते आहे, पण तो बोलत नाही. अब्दुलरझाक गुर्ना यांच्या ‘बाय द सी’ (२००१) या कादंबरीचा हा आरंभ आहे.

गुर्ना मूळचे झांझिबारचे. १९६४ च्या क्रांतीनंतर तेथे जी दहशत माजली तीतून निसटून ते तरुणपणी इंग्लंडला आले आणि पुढे तेथेच विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक झाले. २०२१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाल्यावर आपल्याकडेही त्यांच्यावर लिहिले गेले. विस्थापिताचे दुःख, स्मृतीची तरलता, संयत शैली असे पुष्कळ काही सांगितले गेले. या शब्दांची मला भीती वाटते. ‘संयत’ हे विशेषण आपल्याकडच्या समीक्षकांनी कोणाला बहाल केले आणि कोणाला नाकारले, हे या पानांच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. ‘बाय द सी’ मला महत्त्वाची वाटते ती वेगळ्या कारणाने. माणसाच्या कथेची झडती घेणारी एक व्यवस्था युरोपने कशी उभी केली, हे या कादंबरीत दिसते. आणि अशा झडतीसमोर गप्प राहणे हा काय प्रकार असतो, हेही दिसते.

एडलमन हा माझ्या मते एक समीक्षक आहे. आश्रय मागणाऱ्याकडे बहुधा कागद नसतात, साक्षीदार नसतात. असते ती फक्त त्याची जबानी. ती जबानी अधिकारी एखाद्या कथेसारखी वाचतो. पहिल्या मुलाखतीत तारीख एक, दुसऱ्या मुलाखतीत दुसरी, म्हणजे विसंगती. तपशील कमी, म्हणजे बनाव. तपशील जास्त, म्हणजे पाठ करून आलेला. रडला तर नाटक, न रडला तर अनुभव खरा नसावा. १९७८ मध्ये दया पवारांचे ‘बलुतं’ आले, १९८० मध्ये लक्ष्मण मान्यांचे ‘उपरा’ आले, तेव्हा प्रस्थापित समीक्षेने हेच प्रश्न वेगळ्या भाषेत विचारले नव्हते काय? हे खरेच असे घडले का, घडले असेल तर ते साहित्य कसे, आणि साहित्य असेल तर ते दस्तऐवज कसे! अनुभवाच्या प्रामाणिकतेची चर्चा आपण वर्षानुवर्षे केली. फरक इतकाच की आपल्याकडे लेखक नापास झाला तर पुस्तकाला वाईट अभिप्राय मिळे. तिथे माणूस नापास झाला तर त्याला विमानात बसवून ज्याच्यापासून पळाला त्याच्याच हवाली करतात.

आता कायदा पाहू. निर्वासितांच्या दर्जासंबंधीचा जिनिव्हा करार २८ जुलै १९५१ चा. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत या पाच कारणांपैकी एखाद्यामुळे छळ होईल अशी साधार भीती ज्याला आहे, तो निर्वासित. अशा माणसाला छळाच्या जागी परत ढकलायचे नाही, हे कलम ३३. बेकायदा शिरला म्हणून त्याला शिक्षा करायची नाही, हे कलम ३१. वाचताना हे शब्द सर्व जगासाठी आहेत असे वाटते. परंतु मूळ करार १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरताच होता, आणि या घटना म्हणजे फक्त युरोपातल्या घटना असे धरण्याची मुभाही सह्या करणाऱ्या देशांना होती. ही मर्यादा १९६७ च्या प्रोटोकॉलने निघाली. कादंबरीतला एडलमन म्हाताऱ्याला सांगतो की त्याचे स्वतःचे आईबाप रुमानियातून आलेले निर्वासित होते. पण ते युरोपीय होते, घरातलेच होते. गुर्ना हा संवाद सहज घालतात, त्याच्यावर भाष्य करीत नाहीत. कराराचा सोळा वर्षांचा इतिहास त्या एका संवादात येतो. १९५६ मध्ये हंगेरीतून सुमारे दोन लाख माणसे पळाली तेव्हा पश्चिमेने त्यांना काही महिन्यांत सामावून घेतले. कादंबरीतला दुसरा निवेदक लतीफ हा पूर्व जर्मनीत शिकायला गेलेला झांझिबारी पोरगा. तिथून निसटून तो प्लिमथ बंदरात उतरतो, आणि त्याला इंग्लंडमध्ये राहायला मिळते. लोखंडी पडद्यामागून आलेला माणूस त्या काळी पश्चिमेचा विजय सिद्ध करीत होता. पुढे तामिळ, सोमाली, अफगाण, इराकी येऊ लागले. त्यांच्या येण्याने कोणाचाच विजय सिद्ध होत नव्हता.

मग कायद्याचे शब्द तसेच ठेवून त्यांच्यापर्यंत जाणारी वाट बंद करण्याचे काम सुरू झाले. श्रीलंकेतील तामिळ येऊ लागताच ब्रिटनने १९८५ मध्ये श्रीलंकेच्या नागरिकांना व्हिसा सक्तीचा केला. राष्ट्रकुलातल्या देशावर अशी सक्ती पहिल्यांदाच आली. १९८७ च्या कायद्याने, योग्य कागदांविना प्रवासी आणणाऱ्या विमान आणि जहाज कंपन्यांना दंड बसू लागला. म्हणजे सरहद्दीवरचा शिपाई आता कोलंबोच्या विमानतळावर तिकीट तपासणाऱ्या पोराच्या रूपाने उभा राहिला. निर्वासिताला पळून येण्यासाठी कोणताही व्हिसा मिळत नाही. तसा प्रकारच नाही. खोटा पासपोर्ट घेतल्याशिवाय येता येत नाही, आणि खोटा पासपोर्ट दाखवला की २००४ च्या ब्रिटिश कायद्याच्या आठव्या कलमानुसार त्याच्या बोलण्याची विश्वासार्हता कमी धरायची! ज्या विहिरीला हात लावू द्यायचा नाही, तिचे पाणी प्यायला नाही म्हणून त्याला तहान नव्हती, असे म्हणण्यापैकीच हे आहे.

बाबासाहेबांच्या एका छोट्या लेखनाचे शीर्षक ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ असे आहे. ते १९९० मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले. परदेशातून शिकून आलेला हा माणूस बडोद्यात पारशी धर्मशाळेच्या नोंदवहीत पारशी नाव लिहून राहतो, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी त्याला खाली खेचायला येतात. ‘बाय द सी’तला सालेह ओमर रजब शाबान महमूद या नावाने ब्रिटनमध्ये शिरतो. दोघांनाही स्वतःच्या नावावर छप्पर मिळणार नव्हते. ज्या कायद्यात नाव खोटे म्हणून माणूस खोटा ठरतो, तो कायदा बडोद्याच्या त्या नोंदवहीचा काय अर्थ लावील?

जर्मनीची गोष्ट अधिक शिकवणारी आहे, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबू. नाझी काळात जर्मनीतून पळालेल्यांना देशोदेशीच्या दारांवरून परतावे लागले होते. ती लाज मनात धरून १९४९ च्या जर्मन राज्यघटनेत एक अगदी छोटे वाक्य घातले गेले : राजकीय छळ झालेल्यांना आश्रयाचा अधिकार आहे. अट नाही, अपवाद नाही. १९९२ मध्ये ४,३८,१९१ अर्ज आले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये रॉस्टॉकला आश्रयार्थींच्या वस्तीवर दिवसचे दिवस हल्ले झाले आणि बघे टाळ्या वाजवीत होते. राज्यकर्त्यांनी यातून काढलेला निष्कर्ष असा की अर्ज कमी केले पाहिजेत! २६ मे १९९३ रोजी घटनादुरुस्ती मंजूर झाली. ते छोटे वाक्य राहिले. त्याच्याखाली लांबलचक उपकलमे आली, आणि सुरक्षित तिसऱ्या देशातून आलेल्याला तो अधिकार नाही असे ठरले. जर्मनीच्या चारी बाजूंना असेच देश आहेत, तेव्हा जमिनीवरून येणारा प्रत्येकजण त्यातून वगळला गेला. तीन दिवसांनी, २९ मे रोजी, सोलिंगनमध्ये तुर्की कुटुंबाचे घर पेटवून देण्यात आले आणि पाच स्त्रिया व मुली जळून मेल्या. ते कुटुंब आश्रयार्थी नव्हते. वर्षानुवर्षे जर्मनीत राहणारे, राबणारे होते. गावात दंगल झाली की दलितांनीच जरा दमाने घ्यावे असा सल्ला देणारे पुढारी आपण पाहिलेले आहेत. त्यांना हा घटनाक्रम ओळखीचा वाटेल.

डब्लिन करार १९९० चा. ज्या देशातून माणूस प्रथम युरोपात शिरला, बहुतेक वेळा त्याच देशाने त्याचा अर्ज ऐकायचा, हा त्याचा गाभा. त्यामुळे ग्रीस आणि इटली हे युरोपचे दरवान झाले. न्यायालयांनी काही वेळा या दरवानांना आणि त्यांच्या धन्यांनाही फटकारले, हे प्रामाणिकपणे नोंदले पाहिजे. बेल्जियमने एका अफगाण आश्रयार्थीला ग्रीसच्या हलाखीत परत पाठवले म्हणून स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने २०११ मध्ये दोन्ही देशांना दोषी धरले. सोमाली आणि एरिट्रियन माणसांना भर समुद्रातून लिबियाला परत नेल्याबद्दल २०१२ मध्ये इटलीला दोषी धरले. जहाजावर झेंडा तुमचा असेल तर जबाबदारीही तुमची, असे त्या निकालाचे तात्पर्य. त्यानंतर युरोपने स्वतःची जहाजे मागे घेऊन लिबियाच्या तटरक्षकांना बोटी, पैसा आणि प्रशिक्षण पुरवले. घाणीचे काम आपल्या हाताने करायचे नाही, दुसऱ्याकडून करून घ्यायचे आणि मग त्यालाच घाणेरडा म्हणायचे. ही युक्ती कोणत्या समाजाने शोधली याचा अभिमान आपल्याकडे अनेकांना वाटू शकेल.

निर्वासिताने एक तारीख चुकवली तर त्याची कथा खोटी. सरकारने मात्र कायद्यानेच खोटे रचले तर? ब्रिटनने एप्रिल २०२२ मध्ये जाहीर केले की लहान बोटींतून आलेल्या आश्रयार्थींना रवांडाला पाठवू. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हे बेकायदा ठरवले, कारण रवांडातून त्यांना पुन्हा छळाच्या देशी ढकलले जाण्याची खरी भीती आहे असे पुराव्यावरून दिसले. सरकारने पुरावा बदलला नाही, कायदा बदलला. एप्रिल २०२४ च्या कायद्याने असे फर्मावले की प्रत्येक अधिकाऱ्याने आणि न्यायाधीशाने रवांडा हा सुरक्षित देश आहे असेच निर्णायकपणे धरून चालावे. सत्य काय ते बहुमताने ठरले. जुलै २०२४ मध्ये सरकार बदलले आणि ही योजना गुंडाळली गेली, पण एका संसदेने असे करून दाखवले हे राहतेच. युरोपीय संघाने मे २०२४ मध्ये अंतिम केलेल्या स्थलांतर-आश्रय कराराची अंमलबजावणी जून २०२६ पासून ठरली. त्यात अशीच आणखी एक कल्पित गोष्ट आहे : सरहद्दीवर तपासणीसाठी ठेवलेला माणूस युरोपच्या मातीवर उभा असला, तिथे जेवत-झोपत असला, तरी तो ‘आत आलेला नाही’ असे मानायचे. माणूस आहे, पण नाही. गावकुसाबाहेरची वस्ती गावात मोडते की नाही, हा प्रश्न आपल्याकडे शतकानुशतके असाच सोयीने सोडवला गेला.

आणि जेव्हा मनात असते तेव्हा कथा विचारलीही जात नाही. ४ मार्च २०२२ रोजी युरोपीय संघाने २००१ चा तात्पुरत्या संरक्षणाचा निर्देश प्रथमच लागू केला, आणि युक्रेनमधून आलेल्या चाळीस लाखांहून अधिक माणसांना एकेकट्याच्या छळाची सुनावणी न घेता राहण्याचा, काम करण्याचा, मुलांना शाळेत घालण्याचा हक्क मिळाला. हे योग्यच झाले. सीरियातून माणसे आली तेव्हाही हा निर्देश पुस्तकात होता. एडलमन म्हणाला तेच खरे, घरातले.

येथपर्यंत हा प्रश्न दूरदेशीचा होता. एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने ‘सुरक्षित मूळ देशां’ची जी यादी सुचवली तीत बांगलादेश, इजिप्त, मोरोक्को, ट्युनिशिया इत्यादींबरोबर भारताचे नाव आहे. सुरक्षित देशातल्या माणसाचा अर्ज घाईने निकालात काढता येतो. आपला देश आपल्यापुरता सुरक्षित नाही हे त्याने दाखवायचे. शिवाय ज्या देशातल्या अर्जदारांपैकी २० टक्क्यांहून कमी लोकांना मान्यता मिळते, त्यांची सुनावणी नव्या करारानुसार सरहद्दीवरच उरकायची. समजा, जातीबाहेर लग्न केलेले एक दलित जोडपे जीव वाचवून तिथे पोहोचले. कराराची व्याख्या त्यांच्या विरुद्ध नाही. १९९९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने पाकिस्तानातील दोन विवाहित स्त्रियांच्या खटल्यात ‘विशिष्ट सामाजिक गट’ या शब्दांचा अर्थ व्यापक केला. जन्माने येणारे, बदलता न येणारे लक्षण हा त्या अर्थाचा पाया आहे, आणि जातीइतके त्यात चपखल बसणारे दुसरे काय असेल? पण अधिकारी पुढचा प्रश्न विचारील : दुसऱ्या शहरात का गेला नाहीत? देशांतर्गत पर्याय असेल तर आश्रय नाकारता येतो, असे युरोपीय कायद्यातच आहे.

या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर आहे, आणि ते कथेत आहे. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) मधला माणूस शहरातच राहत होता, कामाला होता. खोलीसाठी जात लपवून राहत होता. शहरात सुरक्षित राहायचे तर जात चोरावी लागते, मग ती सुरक्षितता कसली? नेमका हाच मुद्दा ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१० मध्ये समलिंगी पुरुषांच्या बाबतीत मान्य केला. इराण आणि कॅमेरूनमधून आलेल्या दोघांना खालच्या पायरीवर सांगितले गेले होते की परत जा आणि गुपचूप राहा. न्यायालयाने म्हटले की छळाच्या भीतीनेच माणसाला स्वतःला लपवावे लागत असेल, तर तो छळापासून मुक्त नाही. जातीच्या अर्जाची बाजू मांडणाऱ्या वकिलाने हा निकाल आणि बागुलांची ती कथा शेजारीशेजारी ठेवून वाचावी. कोर्टात कथा पुरावा म्हणून चालणार नाही, हे मला कळते. पण काय विचारायचे ते तिच्यातून कळते.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. युरोपातली सारी चर्चा ‘राजकीय निर्वासित’ आणि ‘आर्थिक स्थलांतरित’ या दोन खान्यांत फिरते. पहिला खरा, दुसरा लबाड. ही विभागणी डावेही पुष्कळदा मान्य करून चालतात. बहिष्काराचे काय करणार? गिरणीवाला दळण घेत नाही, दुकानदार मीठ देत नाही, शेतावर काम मिळत नाही, रस्ता बंद होतो. कोणी कोणाला मारलेले नसते. माणूस उपाशी राहतो आणि गाव सोडतो. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. तो माणूस पोटासाठी निघाला की छळामुळे? जातीव्यवस्थेने पोट आणि अपमान कधी वेगळे ठेवलेच नाहीत. लहान लहान गोष्टींची बेरीज छळ ठरू शकते, असे युरोपीय निर्देशात आहे. पण सरहद्दीवरच्या बारा आठवड्यांच्या घाईत ती बेरीज कोण मांडणार? आपल्या विद्यार्थ्यांना जात पडताळणीसाठी आजोबांचा १९५० पूर्वीचा शाळेचा दाखला शोधत फिरावे लागते. आजोबांना शाळेतच घेतले नव्हते, हा पुरावा धरला जात नाही.

पुन्हा कादंबरीकडे. सालेह ओमरला इंग्रजी उत्तम येते, वाचनही दांडगे आहे. मेल्व्हिलच्या बार्टल्बीवर तो फिदा आहे, त्या कारकुनावर जो प्रत्येक कामाला सौम्यपणे नकार देतो. आपल्या साहित्यातला नकार मोठ्याने दिलेला आहे, चारचौघांत दिलेला आहे. सालेहचा नकार गप्प आहे, आणि सुरुवातीला मला तो पळपुटा वाटला. पुढे वाचत गेल्यावर लक्षात येते की तो कथा नाकारत नाही. ती एडलमनला देणे नाकारतो. कथा तो सांगतो ती लतीफला, ज्याच्या बापाचे नाव त्याने चोरले आहे आणि ज्याच्या बापाचे घरही एकेकाळी त्याच्या ताब्यात गेले होते. त्या घराच्या दस्तऐवजाची हकीकत दोघांच्या तोंडी वेगवेगळी येते. तपशील जुळत नाहीत, दोष एकमेकांवर ढकलले जातात, मग थोडे मागे घेतले जातात. कोणत्याही आश्रय-अधिकाऱ्याने दोन्ही जबान्या फेकून दिल्या असत्या. येथे त्या विसंगतीतूनच दोन माणसे एकमेकांना समजू लागतात. शिवाय सालेह काही निष्पाप बळी नाही. तो व्यापारी आहे, कर्जाच्या बदल्यात घर घेणारा आहे. नंतर सूड म्हणून त्याला वर्षानुवर्षे तुरुंगात टाकले गेले, आणि तो तिथे असतानाच त्याची बायको व मुलगी मरण पावली. दयाबुद्धीच्या वाचकाला निर्वासित नेहमी निर्मळ हवा असतो. गुर्ना तसा तो देत नाहीत, हे या कादंबरीचे मोठेपण आहे.

तिची मर्यादाही इथेच आहे. झांझिबारचा गुलामांचा बाजार १८७३ मध्ये बंद झाला आणि गुलामगिरी कायद्याने १८९७ मध्ये संपू लागली. लवंगांच्या बागा, वाडे, मोसमी वाऱ्यावर चालणारा हिंदी महासागरातला व्यापार या सगळ्याखाली ते श्रम होते. १२ जानेवारी १९६४ च्या क्रांतीत अरब आणि हिंदी माणसांची जी कत्तल झाली तिचे समर्थन कोणीही करू नये. पण त्या संतापाला एक इतिहास होता. कादंबरीत क्रांती येते ती घरे, दुकाने आणि नावे हिरावणारी म्हणून. ज्यांच्या आज्यांना विकले गेले होते, त्यांची एकही व्यक्तिरेखा निवेदक होत नाही. लतीफची आई आशा हिच्या मंत्र्याशी असलेल्या संबंधांमुळे सालेह तुरुंगात जातो. तिच्याविषयी आपण ऐकतो ते तिच्या मुलाकडून आणि तिच्या शत्रूकडून. तिला स्वतःला काय सांगायचे होते ते कोणी विचारत नाही. लवंगांच्या बागेत राबणारी, इंग्रजी न येणारी, मेल्व्हिल न वाचलेली एखादी बाई गॅटविकला उतरली असती तर तिच्या पिशवीत ऊदाची पेटी नसती, आणि तिच्या गप्प बसण्याला कोणी बार्टल्बी म्हटले नसते. तिच्यासाठी दुभाषा शोधला गेला असता, आणि दुभाषा बहुधा सालेहच्या किंवा लतीफच्या घरातला निघाला असता.